नाव आपलं, कागद दुसऱ्याचा: परदेशात ट्रेडमार्कचा मालक कसा ठरतो?

पुण्यातल्या एका बर्गरच्या हॉटेलाचा खटला अधूनमधून बातम्यांत येतो. ‘बर्गर किंग’ हे अमेरिकन कंपनीचं नाव १९५४ पासूनचं. पुण्यातल्या हॉटेलवाल्यांचं म्हणणं, आम्ही ते १९९२ च्या सुमारापासून वापरतो. अमेरिकन कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं ते २०१४ मध्ये. दावा २०११ चा. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला, मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं.

वसमतला हळदीचा व्यापार करणाऱ्या माझ्या एका मित्राने ही बातमी वाचली आणि रात्री फोन केला. तो स्वतःच्या नावाची पाकिटं करून हळद पावडर दुबईला पाठवायचा. तिथल्या वितरकाने काही वर्षं माल घेतला आणि मधल्या काळात पाकिटावरचं नाव तिथे स्वतःच्या नावाने नोंदवून टाकलं. मित्राने दुसरा गिऱ्हाईक शोधला तेव्हा नोटीस आली, की हे नाव आमचं आहे, वापरू नका. त्याचा प्रश्न एवढाच होता: “दादा, नाव मी ठेवलं, पाकीट मी छापलं, हळद माझी. मंग नाव त्याचं कसं काय झालं?”

फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे, कारण जालन्याचं बियाणं असो की लातूरची डाळ, आपल्या भागातून बाहेर माल पाठवणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते.

## हाली शिक्का आणि कलदार

ट्रेडमार्क म्हणजे मालाची ओळख पटवणारं नाव किंवा चिन्ह. दुकानदाराला आपण “तेच द्या, मागच्या वेळचं” म्हणतो, त्यातलं ‘तेच’ ज्याच्यावरून ओळखू येतं ते. कायदा या नावाचं रक्षण करतो ते दोघांसाठी: ज्याने मेहनतीने विश्वास कमावला त्याचं नुकसान होऊ नये, आणि घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये.

घोटाळा सुरू होतो तो सीमेवर. ट्रेडमार्कचा हक्क ज्या देशात मिळतो, त्या देशापुरताच असतो. आमच्या आजोबांच्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. धाराशिवकडून बार्शीच्या बाजाराला जायचं तर आधी हाली मोडून कलदार घ्यायचा, साधारण सात हालीला सहा कलदार. चांदी तीच, माणूस तोच, पण हद्द ओलांडली की खिशातल्या रुपयाची किंमत दुसऱ्याच्या हातात जायची. भारतात नोंदवलेला ट्रेडमार्क हा असा हाली शिक्का आहे. दुबईत, केनियात, चीनमध्ये त्याच्या जोरावर काही मागता येत नाही. तिथे तिथली नोंद लागते.

कलदाराची गोष्ट मात्र थोडी वेगळी होती. तो निजामाच्या मुलखातल्या व्यापाऱ्यांनाही ओळखीचा होता. हद्दीबाहेरचं नाणं, पण लोक ते ओळखतात म्हणून घेतात. ‘सुप्रसिद्ध ट्रेडमार्क’ ही कल्पना नेमकी इथून सुरू होते: काही नावं इतकी ओळखीची असतात की जिथे त्यांची नोंद नाही, दुकान नाही, तिथेही दुसऱ्याने ती उचलली तर लोक फसतील. अशा नावांना हद्दीपलीकडेही संरक्षण द्यायचं, हे जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलं आहे.

## हे ठरवलं कोणी?

१८८३ मध्ये ट्रेडमार्क, पेटंट अशा हक्कांविषयी देशादेशांत पॅरिस करार झाला. त्यात १९२५ साली हेग इथे एक कलम घातलं गेलं. आज ते असं आहे: सदस्य देशात एखादं चिन्ह सुप्रसिद्ध असेल, तर तशाच मालासाठी दुसऱ्याने केलेली त्याची नोंद नाकारायची किंवा रद्द करायची आणि वापर थांबवायचा. रद्द करून मागायला किमान ५ वर्षांची मुदत द्यायची, आणि नोंद वाईट हेतूने केलेली असेल तर मुदतीचं बंधनच नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पुढच्या बहुतेक भांडणांत हेतूचाच प्रश्न निघतो.

१९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ कराराने हे संरक्षण सेवांनाही दिलं. नोंदणी झालेल्या सुप्रसिद्ध चिन्हाचं वेगळ्या प्रकारच्या मालावरही रक्षण करता येईल, असंही म्हटलं. आपल्याकडे मोटारीच्या ‘बेंझ’ नावाने अंतर्वस्त्रं विकणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९४ मध्येच थांबवलं होतं. भारत पॅरिस करारात आला तो १९९८ मध्ये. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा २००३ पासून लागू झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सुप्रसिद्ध ठरण्यासाठी चिन्ह भारतात नोंदलेलं किंवा वापरलेलं असलंच पाहिजे असं नाही. २०१७ च्या नियमांनुसार १ लाख रुपये शुल्क भरून आपलं चिन्ह सुप्रसिद्ध म्हणून यादीत घालून घेण्याचा अर्जही करता येतो.

## प्रसिद्ध म्हणजे किती प्रसिद्ध?

सगळ्या देशाला माहीत असण्याची गरज नाही. संबंधित लोकांपैकी एका वर्गाला माहीत असलं तरी पुरतं. कपाशीच्या एखाद्या वाणाचं नाव शेतकऱ्याला आणि कृषी सेवा केंद्रवाल्याला पाठ असतं, मुंबईच्या बँकेतल्या कारकुनाला नसतं. त्या नावाची प्रसिद्धी शेतकऱ्याला विचारून मोजायची, कारकुनाला विचारून नाही.

अवघड प्रश्न दुसरा आहे: कोणत्या देशात, आणि कोणत्या तारखेला? आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हे लख्ख दिसतं.

पहिला ‘व्हर्लपूल’चा, १९९६. या अमेरिकन कंपनीने पन्नाशीच्या दशकात भारतात नाव नोंदवलं होतं, पण १९७७ मध्ये नोंदीचं नूतनीकरण राहून गेलं. १९८६ मध्ये इथल्या लोकांनी तेच नाव आपल्यासाठी मागितलं आणि वॉशिंग मशीन विकायला काढली. कागदावर बघितलं तर कंपनीची नोंद संपलेली, बाजारात माल जवळपास नाहीच. तरीही न्यायालयाने कंपनीच्या बाजूने मनाई कायम ठेवली. परदेशी मासिकं भारतात येत होती आणि त्यांत जाहिराती होत्या. थोडी मशीन दिल्लीतल्या अमेरिकन कचेऱ्यांत विकली गेली होती. आणि इथल्या लोकांनी नेमकं हेच नाव का निवडलं, याचं पटणारं उत्तर नव्हतं.

दुसरा ‘प्रियस’चा, २०१७. टोयोटाने ही गाडी १९९७ मध्ये जपानात आणली. भारतात सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने ते नाव २००१ पासून वापरलं आणि २००२ मध्ये नोंदवून घेतलं. टोयोटाने दावा केला २००९ मध्ये. इतकी मोठी कंपनी, जगभर गाजलेली गाडी, आणि तरी ती हरली. न्यायालयाने विचारलं: २००१ च्या एप्रिलमध्ये भारतातल्या गिऱ्हाइकाला प्रियस माहीत होती का? पुरावा होता तो थोड्या बातम्यांचा आणि त्या काळच्या मर्यादित इंटरनेटचा. तेवढा पुरला नाही.

म्हणजे जगात तुम्ही किती मोठे आहात, हा प्रश्नच नाही. त्या देशात, त्या दिवशी, त्या लोकांच्या मनात तुमचं नाव पोचलं होतं का, एवढंच बघायचं. बांधाचा वाद मिटवताना तलाठी तुमची एकूण जमीन किती एकर ते विचारत नाही, या बांधावर तेव्हा नांगर कोणाचा होता ते विचारतो. तसंच.

माझं एक मत नोंदवतो. आज ‘प्रियस’सारखा खटला उभा राहिला तर निकाल सारखा लागेलच असं नाही. २००१ मध्ये परभणीत इंटरनेट कोणाकडे होतं? आज जपानात सकाळी निघालेली गाडी दुपारी सेलूच्या पोराच्या मोबाइलवर असते. नावं हद्द ओलांडायला आता वर्षं लागत नाहीत. याचा फायदा मोठ्या कंपन्यांना जास्त होणार, हे उघड आहे.

## मग हा कायदा मोठ्यांचाच का?

ही शंका रास्त आहे, आणि ती न्यायालयालाही आली होती. २००४ मध्ये ‘ऑक्युफ्लॉक्स’ या डोळ्यांच्या औषधाच्या नावावरून सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व सांगितलं: जगाच्या बाजारात जो पहिला, त्याचा हक्क, मग त्याने भारतात माल विकलेला नसला तरी. पण लगेच जोडलं, की ज्या परदेशी कंपनीचा भारतात यायचा इरादाच नाही, तिने प्रामाणिकपणे नाव घेऊन ते वाढवणाऱ्या भारतीय कंपनीचा गळा आवळू नये.

कायद्यात लहान माणसासाठी आणखी दोन खिडक्या आहेत. दुसऱ्याच्या वापराच्या आणि नोंदीच्या आधीपासून सतत नाव वापरत आला असाल तर नंतर नोंद करणारा तुम्हाला हटवू शकत नाही. आणि स्वतःचं नाव-आडनाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा आहे. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द मात्र दोन्हीकडे पाठ सोडत नाही.

आणि हा कायदा उलट्या दिशेनेही चालतो. कॅनडात काही लोकांनी ‘अमूल’ हे नाव आणि चिन्ह उचललं होतं. गुजरातच्या दूध उत्पादकांच्या संघांनी तिथल्या फेडरल कोर्टात दावा केला आणि २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, नुकसानभरपाईसकट. गोठ्यातल्या माणसाच्या मालकीचं नाव समुद्रापलीकडे टिकलं. उदगीरकडच्या दूधवाल्यांना मी हे आवर्जून सांगतो.

## प्रसिद्ध असूनही हरलेलं एक भारतीय नाव

दिल्लीच्या ‘बुखारा’ रेस्टॉरंटचं नाव खवय्यांना माहीत असतं. मालक आयटीसी. त्यांनी ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्क आणि शिकागोमध्येही ‘बुखारा’ काढलं होतं. न्यूयॉर्कचं १९९१ मध्ये आणि शिकागोचं १९९७ मध्ये बंद झालं. १९९९ मध्ये ‘बुखारा’त पूर्वी काम केलेल्या काही जणांनी न्यूयॉर्कला ‘बुखारा ग्रिल’ उघडलं. आयटीसी कोर्टात गेली. २००७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की अमेरिकेतला वापर तुम्ही सोडून दिला, आणि केवळ परदेशात सुप्रसिद्ध असल्याच्या आधारावर दाद देणारी तरतूद आमच्या केंद्रीय कायद्यात संसदेने केलेली नाही.

अमेरिका पॅरिस करारात आहे, ट्रिप्समध्ये आहे. तरीही असं झालं, कारण करार देशांना बांधतो, पण तो घरात कसा लागू करायचा हे प्रत्येक देशाचा कायदा आणि न्यायालयं ठरवतात. सुप्रसिद्धीवर विसंबून शेत पडीक ठेवलं की दुसरा पेरून मोकळा होतो.

## एकाच नावाचे दोन खरे मालक

आतापर्यंतच्या गोष्टींत एक खरा आणि एक उचल्या असं वाटू शकतं. सगळ्यात गुंतागुंतीची भांडणं ती, जिथे दोघांचाही दावा खरा असतो.

युद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली तेव्हा ‘झाइस’ ही भिंगं आणि दुर्बिणी बनवणारी कंपनीही फाटली. जुना कारखाना पूर्वेत येनाला राहिला, बरेच तज्ज्ञ पश्चिमेत गेले, आणि दोघेही म्हणाले की झाइस आम्हीच. देशोदेशी खटले झाले. १९७१ मध्ये लंडनला समझोता करून त्यांनी जगाच्या बाजारपेठा वाटून घेतल्या. ‘बडवायझर’चंही तसंच. चेक गावाचं जर्मन नाव बुडवाइस. अमेरिकन कंपनीने ते नाव १८७६ पासून बियरवर लावलं, त्या गावातली बियर कंपनी १८९५ ची. आज काही देशांत नाव एकाचं, काहींत दुसऱ्याचं, ब्रिटनमध्ये दोघांचं. चेक कंपनी अमेरिकेत आपली बियर ‘चेकवार’ नावाने विकते. भाऊवाटणीत विहीर सामाईक राहते आणि मोटेच्या पाळ्या ठरतात, तशी ही वाटणी.

क्यूबाची ‘हवाना क्लब’ रम त्याहून कडवट. १९६० मध्ये क्रांती सरकारने मूळ कुटुंबाची कंपनी ताब्यात घेतली. कुटुंबाची अमेरिकेतली नोंद १९७३ मध्ये संपली आणि १९७६ मध्ये क्यूबाच्या सरकारी कंपनीने ती आपल्या नावावर केली. पुढे कुटुंबाचा हक्क ‘बकार्डी’ या रम बनवणाऱ्या कंपनीने घेतला. क्यूबाची रम फ्रेंच भागीदारासोबत जगभर त्या नावाने विकली जाते. अमेरिकेत त्याच नावाची रम बकार्डी विकते. इथे प्रश्न ट्रेडमार्कपुरता राहत नाही. एका सरकारने जप्त केलेली मालमत्ता दुसऱ्या सरकारने मान्य करायची का, असा तो होतो. अशी जप्त केलेली चिन्हं मानू नयेत, असा कायदा अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये केला.

या सगळ्यांत मला व्यापाऱ्यांसाठी सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती ‘आयपॅड’ची. ॲपलने २००९ मध्ये एका मध्यस्थ कंपनीमार्फत ‘प्रोव्ह्यू’ या उद्योगसमूहाच्या तैवानमधल्या कंपनीकडून हे नाव ३५ हजार पौंडांना विकत घेतलं. वेगवेगळ्या देशांतले हक्क आले असं त्यांना वाटलं. पण चीनमधली नोंद होती त्याच समूहाच्या शेनझेनमधल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर, आणि तिने सही केलेलीच नव्हती. चिनी न्यायालयाने ते धरलं. शेवटी २०१२ मध्ये ॲपलने ६ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. आपल्याकडे कोणीही सांगेल: थोरल्या भावाने इसार घेतला, पण सातबारा धाकट्याच्या नावावर होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने ज्या देशात माल विकायचा तिथला सातबारा नीट बघितला नव्हता.

## आपल्याकडे जीआय आहे, तो पुरत नाही का?

पैठणी, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केशर आंबा यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. पण जीआय हा गावकीचा हक्क असतो, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा. तुमच्या पाकिटावरचं तुमचं नाव तो राखत नाही. दुसरं म्हणजे तोही देशापुरताच. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे संताप झाला, तो मलाही आला. पण भारतातली जीआय नोंद इटलीत आपोआप लागू होत नाही.

## वसमतच्या मित्राला काय सांगितलं

पुन्हा फोन झाला तेव्हा आधी कडू ते सांगितलं. तुझं नाव सुप्रसिद्ध नाही. हिंगोली जिल्ह्यात चारशे दुकानदार ओळखत असतील, दुबईतल्या गिऱ्हाइकाला ते त्या वितरकामुळेच कळलं. व्हर्लपूलची ढाल तुला मिळणार नाही.

मग दुसरी ढाल सांगितली, जिची चर्चा फारशी कोणी करत नाही. पॅरिस करारात १९५८ मध्ये एक वेगळं कलम आलं: मालकाच्या एजंटाने किंवा प्रतिनिधीने मालकाच्या परवानगीशिवाय त्याचं चिन्ह स्वतःच्या नावाने नोंदवलं, तर मालकाला त्या नोंदीला हरकत घेता येते, ती रद्द करून मागता येते. यासाठी नाव जगप्रसिद्ध असण्याची अट नाही. तो तुझा वितरक होता आणि नाव तुझं आहे हे त्याला माहीत होतं, एवढं सिद्ध करायचं. संयुक्त अरब अमिराती या कराराचा सदस्य आहे. मात्र मुदत तिथला कायदा ठरवतो, म्हणून तिथला वकील आजच गाठ.

आणि हे आधीच कसं टळलं असतं तेही सांगितलं, कारण त्याचा धाकटा भाऊ आता मिरची पावडर पाठवायच्या तयारीत आहे. भारतात नोंदीसाठी व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. भारत २०१३ पासून माद्रिद पद्धतीत आहे: इथल्या अर्जाच्या आधारावर एकाच अर्जातून अनेक देशांत संरक्षण मागता येतं. अमिराती त्यात २०२१ च्या डिसेंबरअखेर आली. शुल्क स्विस फ्रँकमध्ये भरावं लागतं, मूळ रक्कम आणि शिवाय प्रत्येक देशाची वेगळी, म्हणून सगळं जग नको. जिथे माल जातो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जाईल तेवढे देश घ्यावेत. एक धोका लक्षात ठेवायचा: पहिली ५ वर्षं परदेशातली नोंद इथल्या नोंदीच्या आधारावर उभी असते, इथली पडली तर तिकडचीही पडते. आणि चीनसारख्या देशात, जिथे मुळात आधी अर्ज करणारा वरचढ ठरतो, तिथे नमुना पाठवण्याच्या आधी अर्ज. वितरकाशी करार करताना एक ओळ हवीच: नाव आमचं आहे, तुम्ही ते कुठेही नोंदवणार नाही.

मित्राने त्या रात्री माळ्यावरची ट्रंक खाली काढली. पहिल्या पाकिटाच्या छपाईचं बिल सापडलं, वितरकाशी ओळख होण्याच्या दोन वर्षं आधीचं. कुरिअरच्या पावत्या सापडल्या. आणि जुन्या मोबाइलमध्ये त्या वितरकाचाच एक मेसेज निघाला: “आपके ब्रँड का माल जल्दी भेजो, यहाँ लोग नाम से माँग रहे हैं.”

त्याचा फोटो काढून त्याने मला पाठवला तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. आता ते सगळं भाषांतर करून, नोटरी करून दुबईच्या वकिलाकडे गेलं आहे.